पुराचा इशारा वेळेवर कसा पोहोचेल? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळ्याच्या तोंडावर या सदराकडे आलेल्या पत्रांत या वेळी एकच विषय पुन्हा पुन्हा येतो आहे: हातात फोन आहे, फोनवर इशारे येतात, आणि तरीही पाणी दाराशी आल्यावरच कळते, असे का? त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: मी कुर्ला पश्चिमेला, मिठी नदीच्या जवळ बैठ्या चाळीत राहते. आमच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ आहे. कितीही रंग दिला तरी ती वर येते. ‘मुंबईला रेड अलर्ट’ असा मेसेज आला की मी धान्य आणि कागदपत्रे पोटमाळ्यावर चढवते, मुलांना घरी ठेवते, आणि अनेकदा दिवसभर नुसती रिपरिप असते. उलट एखाद्या दिवशी कोणताच मेसेज नसतो आणि उंबऱ्याला पाणी लागते. या इशाऱ्यांवर विश्वास ठेवायचा तरी कसा?

उत्तर: आपला प्रश्न या सगळ्या विषयाच्या मुळाशी जातो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

भारतीय हवामान विभागाचा रंगांचा इशारा हा जिल्ह्यासाठी असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडला तर तो ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अतिमुसळधार’, आणि २०४.५ मिलिमीटर व त्यापुढचा पाऊस सर्वांत वरच्या वर्गात मोडतो. या इशाऱ्याबरोबर बहुधा ‘तुरळक ठिकाणी’ असेही म्हटलेले असते, आणि बातमी फोनवरून फोनवर फिरताना नेमके हेच गळून पडते. एवढा पाऊस जिल्ह्यात काही मोजक्या ठिकाणी होण्याची शक्यता आहे, असा त्याचा अर्थ असतो. तो दहिसरला पडला आणि कुर्ल्याला पडला नाही, तरी हवामान विभागाच्या दृष्टीने इशारा चुकलेला नसतो.

मुंबईत हा फरक किती टोकाचा असू शकतो, हे २६ जुलै २००५ या दिवसानेच दाखवून दिले. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरातील कुलाब्यात मात्र जेमतेम पाऊणशे मिलिमीटरच्या आसपास. दक्षिण मुंबईतील कचेरीत बसलेल्या माणसाला उपनगरात काय चालले आहे, याची कल्पनाही येणे अशक्य होते.

आता आपल्या दाराशी ‘मेसेज नसताना’ येणाऱ्या पाण्याविषयी. मिठी ही विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यातून पुढे निघते आणि साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल असा प्रवास करून माहीमच्या खाडीला मिळते. आपल्या घरावर पाऊस नसला, पण पवईच्या बाजूला तासभर धो धो कोसळला, तर ते पाणी कुर्ल्यालाच येणार. त्यात माहीमला भरती असेल तर पुढे जायला वाटच राहत नाही आणि पाणी मागे फुगते. शहरातील जुन्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, आणि तेही ओहोटी धरून, बांधलेल्या होत्या. नंतरच्या प्रकल्पात ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले गेले आणि हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंध ही उदंचन केंद्रे, म्हणजे साचलेले पाणी पंपाने समुद्रात टाकणारी केंद्रे, उभी राहिली. तरीही मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की सखल भागांत पाणी साचतेच.

म्हणून आपल्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबाने रंगाबरोबर आणखी तीन गोष्टी पाहाव्यात, असे मी आवर्जून सांगेन. पहिली, त्या दिवशीची भरतीची वेळ आणि उंची. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महानगरपालिका पावसाळ्यापूर्वीच जाहीर करते. ती कापून स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी लावावी. दुसरी, तासाभराचा प्रत्यक्ष पाऊस. शहरभर बसवलेल्या पालिकेच्या स्वयंचलित पर्जन्यमापकांची नोंद दर पंधरा मिनिटांनी येते आणि ती पालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आपण कुर्ल्याची नोंद पाहत असाल, तर पवई आणि अंधेरी पूर्वेची नोंदही पाहा, कारण आपले पाणी तिकडून येते. तिसरी, हवामान विभागाचा पुढील तीन तासांचा तात्कालिक इशारा. कुलाब्याचे आणि २०२२ च्या जानेवारीत सुरू झालेले वेरावलीचे अशी दोन डॉप्लर रडार ढगांकडे सूक्ष्मलहरी सोडतात आणि पावसाच्या थेंबांवरून परत आलेल्या लहरींवरून ढग किती भरलेला आहे व कोणत्या दिशेने सरकतो आहे, हे टिपतात. सकाळच्या अंदाजापेक्षा हा तीन तासांचा इशारा थोडक्याच काळासाठी उपयोगी असतो, पण पोटमाळ्यावर सामान चढवायला तेवढा वेळ पुरतो.

याच्या वरची पायरीही तयार आहे. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने महानगरपालिकेबरोबर विकसित केलेली ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर-इशारा यंत्रणा १२ जून २०२० रोजी सुरू झाली. पावसाचा अंदाज, भरती, नद्या-तलावांची स्थिती, गटारांचे जाळे आणि जमिनीचा उंचसखलपणा एकत्र मांडून कोणत्या प्रभागात किती पाणी साचेल, याचे गणित ती तीन दिवस आधीपर्यंत करू शकते. तिचा निष्कर्ष प्रथम प्रशासनाकडे जातो. माझे स्पष्ट मत असे आहे की तो गल्लीच्या नावासह, मराठीत, थेट त्या गल्लीतल्या फोनवर पोहोचला पाहिजे. ‘मुंबईत अतिवृष्टीची शक्यता’ या वाक्याने आपल्याला काहीच करता येत नाही. ‘दुपारी दोनच्या भरतीला आपल्या वस्तीत पाणी चढण्याची शक्यता आहे, एक वाजेपर्यंत पालिका शाळेत या’ असे कळले, तर ताबडतोब काहीतरी करता येते. मिठीची पातळी वाढली की आपल्याच भागातील क्रांतीनगरच्या रहिवाशांना जवळच्या पालिका शाळेत हलवले जाते. तेथे कर्मचारी घरोघर जाऊन सांगतात. हीच नेमकेपणाची सवय फोनवरच्या इशाऱ्यालाही लागायला हवी.

आणि ज्या दिवशी तयारी करूनही पाणी आले नाही, तो दिवस फुकट गेला असे कृपया मानू नका. सामान वर चढवायला लागलेल्या अर्ध्या तासाची तुलना भिजलेल्या शिधापत्रिकेशी आणि मुलांच्या गुणपत्रिकांशी करून पाहा.

प्रश्न: मी दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालो आहे व मुलुंडला राहतो. २०२३ साली एके दिवशी माझा फोन एकाएकी कर्कश वाजला आणि पडद्यावर चाचणी संदेशाची चौकट आली. घरातले सगळे फोन थोड्याफार अंतराने वाजले. हा साधा एसएमएस नव्हता, हे उघड आहे. मग तो काय होता, सरकारला आमचे नंबर कोठून मिळाले, आणि २६ जुलैसारखे नेटवर्कच कोलमडले तर त्याचा उपयोग काय?

उत्तर: आपल्या फोनवर वाजली ती ‘सेल ब्रॉडकास्ट’ या पद्धतीची चाचणी होती. दूरसंचार विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांनी त्या वर्षी देशाच्या निरनिराळ्या भागांत अशा चाचण्या घेतल्या. हे तंत्र देशात ‘सी-डॉट’ या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने उभे केले आहे.

एसएमएस हा प्रत्येक क्रमांकाला वेगळा पाठवावा लागतो. दहा लाख लोकांना सांगायचे तर दहा लाख संदेश रांगेत उभे राहतात, आणि संकटाच्या वेळी सगळेच एकमेकांना फोन लावत असल्याने ती रांग हलत नाही. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर एकच संदेश आपल्या परिसरात सोडतो आणि त्या परिसरातला सुरू असलेला प्रत्येक फोन तो उचलतो. स्थानकावरची उद्घोषणा फलाटावरच्या प्रत्येकाला ऐकू येते, तसेच हे आहे. त्यामुळे कोणाच्याही नंबरची गरज पडत नाही, आणि संदेश कोणी वाचला हेही सरकारला कळत नाही. रत्नागिरीहून दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याचा फोनही वाजतो, कारण प्रश्न तो कुठला रहिवासी आहे याचा नसून या क्षणी कोठे उभा आहे याचा असतो. संदेश काही सेकंदांत पोहोचतो, ठरावीक अंतराने पुन्हा सोडता येतो, त्यासाठी इंटरनेट लागत नाही, आणि आवाज बंद ठेवलेला फोनही बहुधा वाजतो. पुराच्या इशाऱ्यासाठी आज उपलब्ध असलेल्या साधनांत मी याला सर्वांत वर ठेवतो.

आपल्या शेवटच्या शंकेत मात्र तथ्य आहे. नेटवर्कची कोंडी आणि नेटवर्क बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोंडी झाली असताना ब्रॉडकास्ट चालतो. टॉवरच बंद पडला तर तो चालत नाही. २६ जुलैला दोन्ही गोष्टी एकदम झाल्या: फोन लागत नव्हते, आणि उपनगरांच्या मोठ्या भागात वीज नव्हती. टॉवरला वीज गेल्यावर बॅटरीचा आणि डिझेल जनित्राचा आधार असतो, पण बॅटरी काही तासांची असते आणि गुडघाभर पाण्यातून डिझेल पोहोचवणे सोपे नसते. जनित्र आणि बॅटरी तळमजल्यावर ठेवलेली असतील, तर पहिला घाव तेथेच बसतो. आपण स्वतः या खात्यात आयुष्य घालवले आहे, तेव्हा हे आपल्याला मी सांगायला नको. सखल भागातील प्रत्येक टॉवरची ही उपकरणे २००५ च्या पाण्याच्या रेघेपेक्षा वर आहेत की नाहीत, याची तपासणी दर वर्षी मे महिन्यात व्हावी आणि तिचा अहवाल जाहीर व्हावा, अशी मागणी आपल्यासारख्या जाणकारांनी लावून धरावी.

टॉवर अंशतः बंद पडल्यास आणखी एक सोय आहे. आपत्तीच्या वेळी दूरसंचार विभागाच्या आदेशाने एका कंपनीच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क वापरू दिले जाते. तसे जाहीर झाल्यावर फोनने आपोआप नेटवर्क पकडले नाही, तर सेटिंग्जमध्ये जाऊन हाताने दुसरे नेटवर्क निवडून पाहावे. ११२ हा आपत्कालीन क्रमांक तर आपल्या कंपनीचे सिग्नल नसतानाही, परिसरात दुसऱ्या कोणाचे सिग्नल असल्यास लागू शकतो.

एक तपासणी आजच करून ठेवावी. फोनच्या सेटिंग्जमध्ये शोधपट्टीत ‘आपत्कालीन सूचना’ असे शोधून ती सुरू आहे ना, ते पाहावे. चाचणीच्या आवाजाने दचकून अनेकांनी ती बंद करून टाकली आहे.

प्रश्न: बोरिवलीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेत बहुतेक सभासद ज्येष्ठ आहेत. सचिव म्हणून मी सर्वांच्या फोनमध्ये कोणते ॲप घालून द्यावे? दहा ॲप घातली तर कोणीच एकही उघडणार नाही.

उत्तर: आपला अनुभव बरोबर आहे. एकच घालायचे असेल तर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ घालावे, कारण ते आपण असलेल्या ठिकाणापुरते इशारे देते आणि त्यात भारतीय भाषांची सोय आहे. हवामान विभागाचे ‘मौसम’ आणि आयआयटी मुंबईचे ‘मुंबई फ्लड’ ही दोन संस्थेतील एखाद्या तरुण सभासदाने आपल्या फोनमध्ये ठेवावीत; ‘मुंबई फ्लड’मध्ये नागरिकांना आपल्या भागातले पाणी किती चढले, हे कळवताही येते. त्या सभासदाने नारिंगी किंवा लाल इशाऱ्याच्या दिवशी संस्थेच्या गटावर दोन ओळी टाकाव्यात आणि पहारेकऱ्यालाही सांगावे. तळघरातील पंपाचा स्विच बंद करणे आणि गाड्या वर काढणे, ही कामे शेवटी त्याच्याकडेच येतात. पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ हा क्रमांक लिफ्टशेजारच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

प्रश्न: दर पावसाळ्यात हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे बुडाल्याचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर येतात. त्यांतले किती खरे मानावेत? (वाचक, दादर)

उत्तर: व्हिडिओ खरा असतो, पण बरेचदा दिवस दुसरा असतो. हिंदमाता येथे पाणी साठवण्यासाठी २०२१ पासून भूमिगत टाक्यांचे काम झाले, तरी त्याआधीच्या वर्षांची दृश्ये आजही ‘आत्ताची परिस्थिती’ म्हणून फिरतात. तारीख आणि वेळ नसलेला व्हिडिओ पुढे पाठवू नये, एवढा एकच नियम पाळावा. आपण स्वतः पाण्याचे चित्रण पाठवत असाल, तर बोलतानाच ठिकाण, तारीख आणि वेळ सांगावी. अशी चित्रफीत कोणाला दिशाभूल करण्यासाठी वापरणे कठीण जाते आणि नियंत्रण कक्षालाही उपयोगी पडते.

प्रश्न: माझी आई गोवंडीला राहते. तिच्याकडे बटणांचा फोन आहे आणि तिला वाचता येत नाही. शेजारच्या घरातले काका ऐकू शकत नाहीत. मी दिवसभर घरकामासाठी चेंबूरला असते. अशा लोकांपर्यंत हे नवे तंत्रज्ञान कसे पोहोचणार?

उत्तर: बाई, आपले पत्र वाचून या सदरातील इतर सर्व उत्तरे मी पुन्हा एकदा तपासली, कारण इशारा आपल्या आईपर्यंत पोहोचला नाही तर रडारपासून टॉवरपर्यंतच्या साऱ्या साखळीला अर्थ उरत नाही.

सेल ब्रॉडकास्ट स्मार्टफोनपुरता मर्यादित नाही. अनेक साध्या फोनमध्येही तो येतो. तो आवाज कसा असतो आणि वाजला की काय करायचे, हे आईला एकदा समजावून ठेवावे. वाचता आले नाही तरी चालेल, फोन घेऊन शेजारी जायचे आणि वाचून घ्यायचे, एवढे ठरले म्हणजे पुरे. काकांच्या बाबतीत फोनची थरथर आणि पडद्याचा उजेड उपयोगी पडतो, मात्र फोन अंगावर असला तरच. रात्री तो उशाखाली ठेवावा, आणि दार ठोठावण्यापेक्षा आत जाऊन खांद्याला हात लावून उठवणारा एक माणूस आधीच ठरवावा.

बॅटरीवर चालणारा रेडिओ घरात असणे आजही फार मोलाचे आहे. वीज आणि फोन दोन्ही गेल्यावर आकाशवाणी ऐकू येते. वस्तीतील मंडळ, मशीद, बुद्धविहार यांपैकी ज्यांच्याकडे ध्वनिक्षेपक आहे, त्यांनी प्रभाग कार्यालयाशी बोलून पावसाळ्यापुरता तो इशाऱ्यासाठी वापरायचे ठरवावे. वस्तीत काम करणाऱ्या आरोग्यसेविकांना कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे, कोणत्या घरात बाळंतीण आहे, हे तोंडपाठ असते. प्रभागाचा इशारा त्यांच्या फोनवर सर्वांत आधी जावा आणि या जादा कामाचा मोबदला त्यांना मिळावा, असे मला मनापासून वाटते.

आपण दिवसभर बाहेर असता, म्हणून ज्यांच्याकडे काम करता त्यांनाही सांगून ठेवा की लाल इशाऱ्याच्या दिवशी भरतीच्या आधी मला घरी निघावे लागेल. या सदराच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी मदतनीस येतात, त्यांनी ती सुट्टी न मागता द्यावी.

प्रश्न: मी गिरगावात नोकरीसाठी राहतो, आईवडील चिपळूणला आहेत. २२ जुलै २०२१ च्या पुरात मी रात्रभर फोन लावत होतो आणि लागत नव्हता. मुंबईतून मला काही करता येईल का?

उत्तर: करता येईल, पण ते पाणी चढण्यापूर्वी करावे लागते. नदीचा पूर शहरातल्या तुंबण्यासारखा नसतो; वरच्या भागात पडलेल्या पावसाला खाली यायला वेळ लागतो आणि तेवढा अवधी हाताशी असतो. नदीकाठी बसवलेली पातळीमापके आणि स्वयंचलित पर्जन्यमापके हा अवधी मोजण्यासाठीच आहेत. कोल्हापूरकरांना पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी तोंडपाठ असते: ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोक्याची. किती फुटांना कोणता रस्ता बंद होतो आणि कोणत्या गल्लीत पाणी शिरते, हे तेथील लोकांना आकड्यावरून कळते, म्हणून तो आकडा ऐकला की ते हलतात. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीच्या बाबतीतही आपल्या वडिलांशी बसून हे लिहून काढा: बाजारपुलाजवळ पाणी कोठे आले की आपल्या आळीत किती वेळाने येते. २०२१ ची आठवण ताजी आहे तोवर शेजाऱ्यांनाही विचारा.

चिपळूणला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. कोयना जलविद्युत प्रकल्पाचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच उतरते. त्यामुळे घाटमाथ्यावरचा पाऊस, खाडीची भरती आणि या पाण्याविषयी प्रशासनाने दिलेली सूचना, या तिन्हींकडे एकत्र लक्ष द्यावे. ‘सचेत’ ॲपवर मुंबईत बसून रत्नागिरी जिल्ह्याचे इशारे पाहता येतात. लाल इशारा दिसला की संध्याकाळी, उजेड असतानाच फोन करावा आणि आईवडिलांना उंचावरच्या नातेवाइकांकडे झोपायला जाण्याचा आग्रह धरावा. रात्री दोन वाजता नेटवर्क असेल, असे गृहीत धरू नये. फोन पूर्ण चार्ज करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगा, आणि त्या नातेवाइकांचा तसेच वरच्या मजल्यावरच्या एका शेजाऱ्याचा नंबर वहीत लिहून घ्या, म्हणजे एक फोन बंद पडला तरी दुसरीकडून खुशाली कळेल. इशारा असताना आपण स्वतः रात्री गाडी काढून घाटात उतरू नये. त्या रात्री आपला फोन सुरू असणे आईवडिलांना अधिक गरजेचे असेल.